त्या माणसाला कायम करा

"तुमच्या त्या माणसाला आता कायम करून टाका, साहेब," मावशी म्हणाल्या तेव्हा व्यवस्थापक चष्मा पुसत होता. चष्मा हातात असल्यामुळे टेबलापलीकडे उभी असलेली दोघं त्याला धुक्यातल्यासारखी दिसत होती, आणि पुढे कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं की त्या क्षणी चष्मा डोळ्यांवर असता तर आपल्याला काहीतरी दिसलं असतं. "कोणता माणूस?" त्यानं विचारलं. "तोच हो, हॉलमध्ये असतो तो. फारसा बोलत नाही." "फारसा काय, मुळीच बोलत नाही," शेजारी उभा असलेला वकील म्हणाला, "म्हणून तर चांगला आहे." वकील काही खरा वकील नव्हे. कोणत्याही गोष्टीवर उलट बाजूनं बोलायची खोड असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि तोही ते पदवीसारखं मिरवायचा. आज मात्र वकील चक्क मावशींच्या बाजूनं बोलत होता, आणि यातच काहीतरी भलतं आहे हे व्यवस्थापकाच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यानं चष्मा चढवला, "बघतो, संस्थेला विचारावं लागेल," असं व्यवस्थापकानं म्हणायचं ते म्हटलं, आणि मावशींच्या खांद्यावर हात ठेवून वकील, वकिलाच्या पुढे मावशी, अशी दोघं समाधानानं हॉलकडे निघून गेली. दार त्यांनी अर्धवट उघडं टाकलं. तो उठला, दार लावलं, आणि दाराच्या मुठीवरचा हात तसाच ठेवून उभा राहिला. हॉलमध्ये असा कोणी माणूस नव्हता.

तो ब्रशांचा कारखाना होता. लाकडी ठोकळ्याला पाडलेल्या भोकांत तंतूंचे झुपके गरम राळेत बुडवून बसवायचे, थंड झाले की कातरून सारखे करायचे. काम करणारी सगळी माणसं अंध होती. डोळस असे दोघेच: एक तो स्वतः, आणि दुसरा फाटकावरचा पहारेकरी, जो फाटक सोडून आत यायला कमीपणा मानायचा. आधी कारखाना चालवणाऱ्या थोरल्या बाई वारल्यावर संस्थेनं त्याला इथं पाठवलं, त्यालाही आता बरेच महिने झाले होते. थोरल्या बाईंबद्दल हॉलमध्ये कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. पण तिथलं प्रत्येक वाक्य जणू "बाई होत्या तेव्हा" या शब्दांनी सुरू व्हायचं आणि ते शब्द तेवढे गिळून टाकलेले असायचे. आल्या दिवशीच त्यानं ठरवलं होतं की आपण हुकूम सोडणारे साहेब व्हायचं नाही. तो चर्चमधल्या पाळकाचा मुलगा होता. मोठं व्हायचं असेल तर सगळ्यांच्या हाताखाली जावं, पहिला येऊ पाहणाऱ्यानं शेवटचं ताट घ्यावं, ही शिकवण त्याच्या कानांवर इतकी पडली होती की कान तिला बधिर झाले होते. म्हणून तो रोज सकाळी स्वतः हात धुण्याची मोरी पुसायचा, पाण्याचे जग भरायचा, खाली सांडलेले तंतू झाडून काढायचा. आणि झाडता झाडता खोकायचा. पहिल्यांदा खरंच खोकला आला होता, धुळीनं. मावशींनी मान वळवून "कोण, साहेब का? तुम्ही कशाला झाडताय?" म्हटलं, आणि छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. दुसऱ्या दिवशी तो खोकला काही आपोआप आला नाही. आंधळ्यापुढे नाच आणि बहिऱ्यापुढे गाणं, ही म्हण त्याला आठवली होती आणि तिची लाजही वाटली होती. पण लाज वाटून तो खोकायचा थांबला नाही. मोरीपाशी एकदा, जगांपाशी एकदा, आणि झाडू जागेवर ठेवताना जरा मोठ्यानं. शेवटी एका दुपारी वकील म्हणाला होता, "साहेब, छातीचा फोटो काढून घ्या एकदा," आणि हॉलभर हसू सांडलं होतं.

त्याचे वडीलही असेच होते, की तो वडिलांसारखा होता, हे त्याला कधी नीट ठरवता आलं नव्हतं. प्रार्थनेनंतर मंडळीचं एकत्र जेवण असलं की वडील कंबरेला टॉवेल खोचून स्वतः वाढायला उभे राहायचे, ओळीत शेवटी बसलेल्या म्हाताऱ्यापुढे गुडघे टेकून वाढायचे, आणि बायका डोळ्यांना पदर लावायच्या. लोक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. घरी आल्यावर मात्र वडील खुर्चीत बसायचे आणि पाण्याचा पेला हातात येईपर्यंत बसूनच राहायचे. मागायचे नाहीत, रागवायचे नाहीत, नुसते बसून राहायचे. त्या बसण्यातच असं काही असायचं की आई चुलीवरचं सोडून धावत यायची. टॉवेल अजून त्यांच्या कंबरेलाच असायचा. लहानपणी दाराआडून ते बघताना त्याला वाटायचं की जेवण वाढणारे वडील अजून तिकडेच आहेत, मंडळीच्या खोलीत, ताटं उचलताहेत. आणि घरी आलेत ते कोणी दुसरेच, त्यांच्याच कपड्यांतले. एकदा तो खरंच मागे पळत गेला होता बघायला. खोली रिकामी होती, दिवे लागलेले होते, आणि ताटं सगळी घासूनपुसून रचलेली होती. कोणी घासली, हे त्यानं कधी विचारलं नाही.

दाराच्या मुठीवरचा हात काढून तो हॉलमध्ये गेला आणि मावशींच्या बाकाशी उभा राहिला. "मावशी, तो माणूस काय काय करतो?" मावशी झुपके वळता वळता सांगू लागल्या, कौतुक करायला मिळालं की बोटं आपोआप वेगानं चालतात तशा. दारं अर्धवट उघडी राहिली तर नीट लावतो, म्हणजे कपाळमोक्ष व्हायचा वाचतो. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. अर्धं उघडं दार त्याला स्वतःलाच सहन होत नसे. ती सवय होती, सेवा नव्हे, आणि सवयीला तो खोकत नसे. म्हणजे तो माणूस मीच, त्याच्या मनात आलं, आणि हायसं वाटून तो हसणार तोच मावशी म्हणाल्या, "आणि माझं बोट भाजलं ना राळेनं त्या दिवशी, तर कोणाला हाकसुद्धा मारली नव्हती मी. आला, मनगट धरलं, नळाखाली नेलं, आणि आग थांबेपर्यंत धरून उभा राहिला. हात असा गार. एवढा वेळ आपल्याजवळ कोण उभं राहतं हो?"

तो दिवस त्याला आठवत होता. तो ऑफिसात सह्या करत होता. हॉलमधून मावशींनी दातांतून घेतलेला श्वास त्याला ऐकू आला होता, सापानं फुत्कारावं तसा. तो खुर्चीतून अर्धा उठला होता. दोन्ही हात टेबलावर टेकलेले, गुडघे वाकलेले. मग जाईल कोणीतरी, असं वाटून तो परत बसला होता आणि पुढच्या कागदावर सही केली होती. आता मावशींच्या बाकाशी उभं असताना त्याला ते अर्धं उठणं अंगात पुन्हा जाणवलं, पाठीच्या मणक्यात, मांड्यांत. आणि एक विचित्र कल्पना आली की अर्धा मी बसलो आणि अर्धा तसाच उठून निघून गेला. त्यानं इतरांना विचारलं. हातातून पडलेला ठोकळा तो माणूस तळहातावर आणून ठेवतो. वाटेत राहिलेलं खोकं उचलतो. जिन्यावर एकजण रडत बसला होता तेव्हा शेजारी येऊन बसला, बोलला नाही. ते खोकं त्यानं पाहिलं होतं, पहारेकऱ्याला सांगू म्हणाला होता आणि विसरला होता. जिन्यावर रडणाऱ्याच्या मागून तो चवड्यांवर निघून गेला होता, आपण आहोत हे कळू नये म्हणून. एकूण एक गोष्ट अशी होती की जी करावी असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं आणि त्यानं केली नव्हती. तो ऑफिसात परतला आणि बसण्याआधी त्यानं खुर्चीवर हात फिरवून पाहिला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं, सगळं नाही, हसण्यावारी नेता येईल एवढं. "मग तूच असशील तो," ती म्हणाली, आणि मग जमिनीवर पडलेल्या त्याच्या मोज्यांकडे बघून, "नाही, तू नसणार. पण घरी पाठव त्याला एकदा." तोही हसला. पण मोजे उचलायला वाकताना त्याची बोटं घाईनं पुढे झाली, दुसरं कोणी आधी उचलेल अशा घाईनं, आणि बायकोनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

खरं संकट वेगळंच होतं. कारखान्याचं छप्पर कुजलं होतं. संस्थेच्या इंजिनियरनं तुळईत पेन्सिल खुपसली तर ती लोण्यात गेल्यासारखी गेली होती, आणि महिनाअखेर इमारत सोडायची असं ठरलं होतं. नवी जागा तयार होती, मोठी, कोरडी. हॉलनं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. "या जागेत मी माझ्या आजारपणातसुद्धा धडकलो नाही," वकील म्हणाला होता. "नव्या जागेत आम्ही पुन्हा पहिल्या दिवसाचे आंधळे होणार. तुम्हाला काय, तुम्ही बघत बघत जाल." संस्थेचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "अधिकार वापरा की. नाही आले तर कारखाना बंद करून ज्याला त्याला घरी पाठवू." घरी म्हणजे कुठे, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं. कुणाला पुतण्याच्या घरचा कोपरा, कुणाला तोही नाही. त्यानं हॉलच्या मधोमध उभं राहून हुकूम वाचून दाखवला. कातऱ्यांचा आवाज चालूच राहिला. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "तुमच्या त्या माणसाला विचारून सांगतो," आणि आणखी दोघातिघांनी हुंकार भरला. "तो माणूस मीच आहे," तो म्हणाला. त्याच्या स्वतःच्या कानांना ते खोटं वाटलं. हॉल मनापासून, कोणाला दुखवायचं नाही अशा बेतानं हसला. "नाही हो साहेब," मावशी समजुतीनं म्हणाल्या, "तुम्ही खोकता."

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले हे त्याला नंतर सलग आठवेना. मनात आलं की उठायचं, एवढंच त्यानं धरून ठेवलं. मनात येणं आणि उठणं यांच्यामध्ये जी फट होती तिच्यातून तो दुसरा बाहेर पडतो, अशी त्याची खात्री झाली होती, आणि ती फट बुजवायला तो धावत होता. ठोकळा पडला की तो बाकाखाली. श्वास ओढल्याचा आवाज आला की तो नळापाशी. सुरुवातीला ही धाव भीतीची होती. सेवा तर नव्हेच, प्रेमही नव्हे. एखाद्याच्या हातात हातोडी देताना तो स्वतःच्या खांद्यामागे बघून घ्यायचा. पण रोज हात हातात घेतले की हात ओळखीचे होतात. मावशींचा अंगठा आत वळलेला होता. वकिलाच्या तळव्यावर जुन्या भाजल्याची गुळगुळीत रेघ होती, आणि थंडीच्या सकाळी ती दुखायची, म्हणून तो सकाळचा जास्त भांडायचा. जिन्यावर बसणाऱ्याची बहीण वारली होती. हे सगळं कळता कळता एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण कित्येक दिवसांत खोकलो नाही. आणि मग त्याला वाटलं, झालं, फट बुजली, तो गेला. हे तपासून पाहायचा मोह आवरेना. मावशींच्या हातात पाण्याचा पेला देताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, तो माणूस हल्ली येतो का हो?"

"येतो की," मावशी म्हणाल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेला परत केला, आणि तो बरोबर त्याच्या हातात केला. "पूर्वी तुम्ही यायच्या आधीच येऊन जायचा. हल्ली तुमच्या शेजारून चालतो." आणि त्याच्या डाव्या बाजूला, जिथं खिडकीतला उजेड जमिनीवर पडला होता आणि दुसरं काही नव्हतं, तिकडे तोंड करून त्या हसल्या, ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशा.

त्या दिवसापासून त्यानं मागे वळून बघणं सोडलं. भीती गेली नव्हती. पण सासुरवाडीचा पाहुणा जसा आठवड्यानं घरचा होतो तशी तीही घरची झाली होती. त्याच आठवड्यात तो नव्या जागेत गेला, एकटा, भर दुपारी. दारातच त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. वकिलाचं वाक्य त्याच्या मनात रुतून बसलं होतं: तुम्ही बघत बघत जाल. मग न बघता जाऊन तर पाहू. नव्या चुन्याचा ओला वास नाकात बसला. पहिल्याच वळणावर कपाळाला खांब लागला. पुढे जिन्याच्या खालच्या अंगाला कपाळ असं आपटलं की डोळ्यांपुढे उजेड झाला, मिटलेल्या डोळ्यांपुढेही. दर धडकेला तो डोळे उघडून खडूनं खूण करायचा, इथं कठडा, इथं काथ्याची चटई, म्हणजे पायाला आधी कळेल. आणि पुन्हा मिटायचा. हे त्यानं रोज केलं. रोज घरी नवं टेंगूळ घेऊन गेला, आणि बायकोनं काही न विचारता बर्फ काढून ठेवायला सुरुवात केली. त्याच्या पावलांचा आवाज रिकाम्या भिंतींवरून परत यायचा. परत येणारा आवाज नेहमी थोडा उशिरा यावा. हा कधी कधी बरोबरीनं यायचा.

शेवटच्या दिवशी तो वरच्या मजल्यावर होता. भिंतीला हात लावत, मनातल्या मनात वाट पाठ म्हणत चालला होता आणि त्याला जवळजवळ आनंद वाटत होता. एक पाऊल उचललं आणि छातीवर हात पडला. उघडा तळवा, गार, न ढकलणारा. दार लावताना दाराला जेवढा लावतो तेवढाच जोर. त्याचं उचललेलं पाऊल वाकडं होऊन मागे पडलं, घोट्यात कळ गेली, आणि तो भिंतीशी घसरत खाली बसला. डोळे उघडायला त्याला वेळ लागला. समोर सामान वर ओढायच्या पाळण्यासाठी सोडलेली मोकळी जागा होती, कठडा न बसवलेली, आणि खाली तळमजल्यावरच्या विटा दिसत होत्या. छातीवर अजून गारवा होता. शर्टाला चुना लागलेला नव्हता, डाग नव्हता. तो तिथं बसून राहिला, आणि प्रार्थना करावी असं वाटलं तरी शब्द आले नाहीत. लहानपणच्या त्या रिकाम्या खोलीतले लागलेले दिवे तेवढे डोळ्यांपुढे आले. उठल्यावर त्यानं हाती लागतील त्या फळ्या ओढून ती जागा बंद केली आणि सुतार लावून दुसऱ्याच दिवशी कठडा बसवून घेतला.

घोटा सुजला होता. लंगडत तो हॉलमध्ये शिरला तेव्हा कातऱ्या थांबल्या. "एक पाय कुठं ठेवून आलात?" वकिलानं विचारलं. "नव्या जागेत." "का गेला होता?" "डोळे मिटून चालायला." वकील उठून आला, चाचपडत त्याच्या कपाळापर्यंत हात नेला, आणि टेंगळांवरून बोटं फिरवली, ठोकळ्याची भोकं तपासतात तशी सावकाश. "हे कुठलं?" "जिन्याखालचं. तिथं आता कठडा आहे." "आणि हे?" "मोरीच्या दाराचं. ते दार काढायला सांगितलंय." "हे तर जुनं वाटतंय." "ते पहिल्या दिवसाचं. खांब." वकिलाचं बोट त्या टेंगळावरच थांबलं. "वर एक पाळण्याची जागा असणार," तो शेवटी म्हणाला, "असल्या इमारतीत असतेच. ती कशी सापडली?" "सापडली," एवढंच तो म्हणाला. मावशींनी मान हलवली, जणू त्यांना पुढचं ऐकू आलं होतं.

"बसा," वकील म्हणाला. "पाय वर घ्या." मावशींनी मिठाचं पाणी आणलं, कोणीतरी घमेलं सरकवलं, आणि वकील त्याच्यापुढे जमिनीवर बसून बुटाचे बंद सोडू लागला. "नको, राहू द्या, मी करतो ना," तो म्हणाला. खरोखरच त्याला ते सहन होईना. दिवसभर इतरांचे हात धरणं सोपं होतं, पण आपला सुजलेला, घामेजलेला, उघडा पाय दुसऱ्याच्या मांडीवर असणं म्हणजे अंगावरचं कातडं काढून देणं होतं. त्यानं पाय ओढून घेतला. "द्यायला जमतं तुम्हाला," वकील म्हणाला, रागानं नव्हे, "घ्यायला जमत नाही. आम्ही तुमच्या मागून कुठं यायचं ते येऊ. सोमवारी म्हणाल तर सोमवारी. पण पाय इकडे करा आधी." शेवटच्या जेवणाच्या वेळी प्रभू शिष्यांचे पाय धुवायला खाली वाकला तेव्हा एका शिष्यानं असाच पाय मागे घेतला होता, आणि पाय धुऊ दिला नाहीस तर तुझा माझा संबंध नाही असं ऐकून घाबरला होता; वडिलांच्या तोंडून हे कितीदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तो त्या वाकलेल्याकडेच बघत आला होता, बसलेल्याकडे कधीच नाही. त्यानं पाय पुढे केला. राळेच्या भांड्यात एक बुडबुडा फुटल्याचं ऐकू आलं. पाणी घोट्यावरून ओघळलं, कोमट, आणि दुखणं सैल पडू लागलं. दोन हातांनी टाच खालून तोलून धरली होती, एवढ्या अलगद की पायाचं वजन जाणवेना. त्यानं खाली बघितलं. वकिलाच्या एका हातात पाण्याचा जग होता. दुसरा हात बाजूला, जमिनीवर टॉवेल शोधत होता. मावशी चार पावलांवर उभ्या होत्या, हात पदराला पुसत.

टाचेखालचे हात गार होते. त्यानं डोळे मिटले, आणि पाय तसाच राहू दिला.